चिंचिलाचा पिंजरा: कपाट, शोकेस, टॉवर की माठ? (जळगावचं ऊन धरून सांगा)

तापीकाठचा (जळगाव) · २४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. माझा मामेभाऊ पुण्याहून जर्मनीला गेला आणि जाताना त्याचे दोन चिंचिला माझ्या गळ्यात घालून गेला. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी, सशाचे कान गोल केले, खारीची शेपूट लावली आणि सगळं मखमलीत गुंडाळलं की जे होईल ते. दोघं भाऊ, चार वर्षांचे, राखाडी. एक राखुंडी, दुसरा जरा जाडा म्हणून बंब. सोबत आलेला पिंजरा दोन फुटी आहे आणि खालचा प्लास्टिकचा ट्रे दोघांनी मिळून कोपऱ्यांपासून खाऊन टाकलाय, म्हंजे नवीन करणं आलंच आणि तेही एप्रिलच्या आत.

खोली वरच्या मजल्यावर, १२ बाय १०, डोक्यावर उघडा स्लॅब, एक टनी एसी. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि लाइट.

डोक्यात चार डिझाइनं आहेत. पहिलं, आजीचं जुनं लोखंडी कपाट, दारांचे पत्रे कापून जाळी बसवायची. दुसरं, हॉल आणि डायनिंगच्या मधे पार्टिशनसारखं काचेचं शोकेस, हे बायकोने रीलमधे पाहिलंय, दिसतं एक नंबर. तिसरं, कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत त्रिकोणी टॉवर. चौथं माझं स्वतःचं डोकं, दुहेरी जाळी करायची, मधे वाळ्याचा पडदा आणि वरून थेंब थेंब पाणी, म्हंजे पिंजराच माठ. हसू नका, कूलर तरी दुसरं काय करतो.

तर्रीवाला_भाऊ (अमळनेर) · २४ फेब्रुवारी

आठे माणसं शिजी ऱ्हायनात आनि तू उंदरंसले एसी लाई ऱ्हायना भो. पुढच्या जन्मी मामेभावाच्या घरी चिंचिला करून पाठव देवा.

गॅरेज_भुसावळ · २४ फेब्रुवारी

कपाट कशाला, भंगारात बंद पडलेला डबल डोअर फ्रिज घे. अंगातच इन्सुलेशन आहे, दाराला जाळी मार, झालं. आमच्याकडे दीड हजारात मिळून जाईल.

निंबोणी (मूळ धुळे, आता नाशिक) · २५ फेब्रुवारी

भाऊ, धुळ्यात असताना सहा वर्षं दोन माद्या सांभाळल्यात, त्यामुळे थोडं जोरात बोलते, राग मानू नका.

फ्रिज अजिबात नको. त्या इन्सुलेशनचा फोम एकदा दाताला लागला की संपलं. यांचे दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडणं हा छंद नाही त्यांची गरज आहे, आणि पोटात गेलेला फोम किंवा प्लास्टिक आतड्यात अडकतं. शिवाय हे उलटी करू शकत नाहीत. तुमचा खाल्लेला ट्रे आज बाहेर काढा, नवीन पिंजऱ्याची वाट बघू नका. आणि लेंड्या नीट पडतायत का बघा, बारीक किंवा कमी झाल्या तर लगेच डॉक्टर.

काचेचं शोकेसपण नको. तीन बाजूंनी काच म्हंजे हवा खेळत नाही, लघवीचा वास आत कोंडतो आणि उष्णता पण. फिश टँकमधे ठेवलेले बघितलेत मी लोकांनी, फोटो छान येतात, जनावर उबतं.

टॉवरवर सविस्तर नंतर लिहिते, पोरीचा डबा करायचाय.

तापीकाठचा · २५ फेब्रुवारी

ट्रे काढला ताई. लेंड्या ठीक आहेत, भरपूर आहेत, घरभर आहेत. शोकेस रद्द झालंय हे बायकोला कोणी सांगायचं तेवढं ठरवा. माठावर कोणीच बोलेना?

नकाशावेडा (नंदुरबार) · २५ फेब्रुवारी

माठावर मी बोलतो. आधी हा प्राणी कुठला ते बघ. चिलीतल्या अँडीजचा, कोरडा, खडकाळ, रात्री गार पडणारा मुलूख. एकेका मुळातून पन्नासेक केस निघतात म्हणून ती मखमल, आणि त्या मखमलीपायीच माणसाने तो जंगलात जवळजवळ संपवला. घाम येत नाही त्याला. आपल्याला पंखा गार वाटतो तो घाम वाळतो म्हणून, चिंचिलाला पंखा म्हंजे नुसती गरम हवा इकडून तिकडे. आणि ओल तर त्याच्या अंगाला चालतच नाही, केस इतके दाट की एकदा भिजले की आतून वाळत नाहीत, बुरशी धरते. म्हणून तर तो पाण्याने नाही, धुळीने अंघोळ करतो.

पिंजऱ्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. मॅथियस चॅपमन नावाच्या एका अमेरिकन खाण इंजिनियरने १९२३ मधे चिलीतून ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, आज पाळीव म्हणून आहेत त्यातले बहुतेक त्यांचेच वंशज. त्याने त्यांना डोंगरावरून एकदम खाली नाही आणलं, महिनोन् महिने टप्प्याटप्प्याने उतरवत आणलं आणि बोटीवर पिंजरे गार ठेवायला बर्फ वापरला. शंभर वर्षांपूर्वीचा माणूस बर्फाचं बघत होता, डिझाइनचं नंतर.

गॅरेज_भुसावळ · २६ फेब्रुवारी

ते सगळं ठीक पण आपल्याकडे एप्रिलला हवा एवढी कोरडी असते की कूलरने खोली मस्त गार होते, दमट वाटत नाही. माठाची आयडिया एवढी वाईट नाही.

निंबोणी · २६ फेब्रुवारी

आपल्याला दमट वाटत नाही दादा, त्यांना वाटतं. पाळणाऱ्यांचा एक अंदाजाचा हिशोब आहे, फॅरनहाइटमधलं तापमान आणि आर्द्रतेचा टक्का यांची बेरीज करायची, १५० च्या वर गेली की धोका. तापीकाठ भाऊ, कूलर लावून मोजून बघा आणि इथे लिहा. दोन्ही आकडे दाखवणारं छोटं यंत्र ऑनलाइन मिळतं, महाग नाही. पिंजऱ्याआधी ते घ्या.

तापीकाठचा · ९ मार्च

मोजलं. बाहेर ३८ होतं, दुपारी तीन. खालच्या खोलीत कूलर दोन तास चालवला (चिंचिला वर एसीतच होते, घाबरू नका). आत २९ डिग्री आणि ६८ टक्के. २९ म्हंजे ८४ फॅरनहाइट, अधिक ६८, १५२. आणि हे मार्चमधे. वाळा, पाणी, दुहेरी जाळी सगळं डोक्यातून काढलं. माठ पाणी प्यायलाच बरा.

एसीच्या खोलीत त्याच वेळी २१ आणि ४४. ७० अधिक ४४, ११४. पण आता गंमत ऐका. यंत्र मी दोरीला बांधून खोलीत वर-खाली फिरवलं. फरशीजवळ २१, कमरेएवढ्या उंचीवर २२, आणि छताच्या खाली एक फुटावर २६. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी सातनंतर आत ओकायला लागतो, तेव्हा तर वर २७ झालं, एसी चालू असताना. म्हंजे टॉवर केला तर माझ्या पोरांची सगळ्यात आवडती जागा भट्टीत.

नकाशावेडा · ९ मार्च

हे भारी केलंस. हे कोणी लिहीत नाही, सगळे खोलीचं एकच तापमान सांगतात.

पारोळ्याची_पाटलीण · ९ मार्च

आमचं जुनं धाब्याचं घर आहे गावात, दोन-दोन फुटी मातीच्या भिंती, वर खारी माती टाकलेलं धाबं. बाहेर ४४ असताना आत गेलं की कोणीतरी ओला हात पाठीवर ठेवल्यासारखं वाटतं. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या स्लॅब टाकला आणि घरातून माजघर गेलं. भाऊ, तळमजल्यावर मधली खोली नाही का, जिच्या एकाही भिंतीला ऊन लागत नाही अशी? पिंजरा कसाही करा, जागा ती धरा.

तापीकाठचा · १० मार्च

आहे ना वहिनी. देवघराशेजारची, ८ बाय ९, सध्या तिथे गहू, दादरची (आमच्याकडची ज्वारी) पोती आणि आईचं पापड-कुरडयांचं सामान. आईशी बोलणी चालू आहेत. भारत-पाक सोपं.

डोंगराळ (धडगाव) · १० मार्च

स्पष्ट बोलू का. जिथे मे महिन्यात ४५ जातं तिथे हे जनावर ठेवूच नये. महाबळेश्वर-पाचगणीकडचा कोणीतरी शोध आणि देऊन टाक.

तापीकाठचा · १० मार्च

तुमचं चूक नाही. मी विकत आणले नसते. पण चार वर्षांचे आहेत, नीट सांभाळले तर अजून दहा-बारा वर्षं जगतील, आणि कोणाला देणार, ज्याने आधी कधी बघितले नाहीत अशा माणसाला? तिकडे थंडी आहे पण पावसाळ्यात चार महिने भिंतींना पाझर. शोधतो पण आहे. तोवर पिंजरा तर लागणारच.

निंबोणी · ११ मार्च

टॉवरचं लिहिणार होते ते आज लिहिते आणि सोबत एक गोष्ट जी एरवी सांगत नाही.

माझा पिंजरा टॉवरच होता, साडेसहा फुटी, मलाच हौस. चिंचिला चार-पाच फूट उडी मारतो त्यामुळे उंची द्यावी असंच सगळे सांगतात आणि खोटं नाही ते. पण मधे पूर्ण रुंदीचे मजले नव्हते, चिंचोळ्या फळ्या होत्या, एकदा वरून घसरली ती थेट खाली, पाय मोडला. यांच्या मागच्या पायाचं हाड काडीसारखं असतं. उंच करायचा तर दर दीड-दोन फुटांवर जवळजवळ पूर्ण मजला हवा, म्हंजे पडलं तरी तेवढंच पडेल.

दुसरी गेली ती मे महिन्यात. ट्रान्सफॉर्मर उडाला, मी लग्नाला गेले होते, घरी सासरे होते, त्यांनी बिचाऱ्यांनी पंखा लावला इन्व्हर्टरवर आणि पाणी ठेवलं. मी तीन तासांनी आले तेव्हा ती सगळ्यात वरच्या फळीवर आडवी होती, कान लालबुंद, तोंडाशी लाळ. खाली यायची पण शक्ती नव्हती. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत संपलं. २५ च्या पुढे सावध आणि २८-३० म्हंजे जीवावर, हे मला पाठ होतं, सासऱ्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला सांगते, आडवा पिंजरा करा. आणि एसी बंद पडल्यावर काय करायचं तो कागद दाराला चिकटवा.

तर्रीवाला_भाऊ · ११ मार्च

ताई, वर मस्करी केली होती, मागे घेतो.

तापीकाठचा · १७ मार्च

आईने खोली दिली. अट, पापडाचे डबे माळ्यावर चढवून देणं आणि दादर दळून आणणं. एसी खाली हलवला, हवेचा झोत समोरच्या भिंतीवर जाईल असा, पिंजऱ्यावर थेट नाही.

आता साइज: पाच फूट लांब, अडीच खोल, चार उंच, खाली एक फुटाचे पाय. मधे दोन मजले. कपाटाचं काय करू? आजीचं आहे, जीव अडकलाय.

गॅरेज_भुसावळ · १७ मार्च

कपाटाचे पत्रे बाजूने बंद राहतात, मागून पण, त्यामुळे हवा एकाच बाजूने. तिन्ही बाजू कापल्या तर कपाट उरतं किती, नुसता सांगाडा. दुसरं, जुना रंग. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या ऑइलपेंटमधे शिसं असायचं, कुरतडलं तर विष. खरवडत बसू नको, ती धूळ तुझ्याच नाकात. आणि रात्री हे दोघं पत्र्यावर उड्या मारायला लागले की अख्खी गल्ली उठेल. आजीच्या साड्या ठेव त्यात.

(फ्रिजचं मी मागे घेतलं हां.)

तापीकाठचा · २१ मार्च

आज वेल्डरकडे गेलो होतो, संवाद जसाच्या तसा:

"काय ठेवायचंय?"
"चिंचिला."
"म्हंजे?"
"म्हंजे... उंदराचा लांबचा पाहुणा."
"एवढ्या मोठ्या पिंजऱ्यात? मी दोन बीएचकेचं ग्रिल करतो तेवढं मटेरियल आहे हे. दोन इंची जाळी मारू ना, पोपटाला देतो ती."

दोन इंचीतून डोकं बाहेर येईल म्हटलं, अर्धा बाय एक इंची वेल्डमेश लागेल. ती त्याच्याकडे जीआय होती, म्हंजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. स्टेनलेस ३०४ म्हटल्यावर त्याने कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. मी चहा मागवला. काय करू, जीआय चालेल का? जस्ताचं ऐकलंय काहीतरी.

निंबोणी · २१ मार्च

जस्त पोटात गेलं तर विषारीच, आणि वेल्डिंगच्या ठिकाणी थर जळून पापुद्रे निघतात, तेच दाताला लागतात. पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर जाळीत घाला, स्टेनलेस. फ्रेमला साधा चौकोनी पाइप चालेल पण जाळीच्या बाहेरून, आत दाताला येणार नाही असा. तळाला जाळी ठेवू नका, पाय सोलवटतात आणि गाठी येतात, आणि एखादा पाय अडकला की पुन्हा फ्रॅक्चर. तळ सपाट हवा.

पारोळ्याची_पाटलीण · २२ मार्च

तळाला कडप्पा टाका ना, ओट्याचा उरलेला तुकडा फरशीवाल्याकडे पडूनच असतो. गार राहतो, धुता येतो, खाऊ म्हटलं तरी खाता येत नाही.

तापीकाठचा · २२ मार्च

वहिनी तुमचे पाय कुठे आहेत. मी शहाबादी म्हणत होतो पण कडप्पा गुळगुळीत मिळेल.

नकाशावेडा · २२ मार्च

सगळा तळ दगडी नको, अर्धा दगड अर्धं लाकूड, हिवाळ्यात आणि पायाला पण बदल हवा. मजल्यांसाठी पाइन घे, भट्टीत वाळवलेलं. प्लायवूड आणि एमडीएफ नको, गोंद असतो. एमआयडीसीत पॅलेटच्या फळ्या स्वस्त मिळतात पण त्यावरचा शिक्का बघ, एचटी म्हंजे नुसती उष्णता दिलेली, एमबी असेल तर विषारी वायूने धुरी दिलेली, ती उचलू नको. आणि ज्या फळीवर तेल-रसायन सांडल्याचा डाग असेल ती शिक्का काही असो, सोडून दे.

तर्रीवाला_भाऊ · २२ मार्च

आणि बोगद्यासाठी पीव्हीसी पाइप. जळगावात राहून पाइप नाही घेणार तर काय घेणार.

तापीकाठचा · २२ मार्च

अख्ख्या देशाला पाइप देणाऱ्या गावात राहून मला पाइप वापरता येईना, कारण ते दोघं तो शेवेसारखा खातील. कुंभाराकडून गळ्याशी फुटलेले दोन मोठे माठ आणलेत, आडवे ठेवणार, धार घासून. कोरडेच हां, पाणी नाही. धुळीच्या अंघोळीला लोणच्याची जुनी रुंद तोंडाची काचेची बरणी, तीपण आडवी.

गॅरेज_भुसावळ · २३ मार्च

धूळ कोणती? तापीची वाळू चाळून?

निंबोणी · २३ मार्च

नाही हो. वाळू जाड, केसांच्या मुळापर्यंत जातच नाही, उलट घासते. ज्वालामुखीच्या राखेची पिठासारखी धूळ मिळते ऑनलाइन, तीच. टाल्कम पावडर पण नको. आठवड्यातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, मग बरणी बाहेर, नाहीतर तिलाच संडास करतात.

तापीकाठचा · १२ एप्रिल

पिंजरा झाला. चौघांनी उचलून आणला, देवघराच्या दारातून तिरका केला तरी जाईना, शेवटी दाराची चौकट वाचवायला पिंजऱ्याचे पाय कापले आणि आत नेऊन पुन्हा जोडले. मोजताना दार मोजलं नव्हतं. करणाऱ्यांनी आधी दार मोजा.

एक नवीन प्रयोग सांगतो. बाजारातलं चाक मिळालं ते लहान होतं, आतून कमीत कमी १५ इंच लागतं नाहीतर पाठ वाकडी होते, आणि तारेचं तर नकोच, पाय अडकतो. मग भांड्याच्या दुकानातून १८ इंची स्टीलची परात आणली, गॅरेज भाऊंनी सांगितल्याप्रमाणे मधे बेअरिंग बसवून जरा तिरकी लावली, थाळीसारखी फिरते. पहिल्या दिवशी बंबाने पाय ठेवला आणि गुळगुळीत स्टीलवरून बसल्या बसल्या खाली घसरला, माझ्याकडे बघितलं, परत चढला, परत घसरला. मग परातीत पातळ पाइनच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, स्क्रूचं डोकं लाकडात बुडवून. आता रात्री साडेअकरा ते दोन बंब धावतो आणि राखुंडी काठावर बसून पट्टीची कड खातो.

पारोळ्याची_पाटलीण · १२ एप्रिल

चाऱ्याचं काय करता? आमच्याकडे लसूण घास आहे हवा तेवढा.

निंबोणी · १२ एप्रिल

लसूण घासात कॅल्शियम जास्त, मोठ्यांना कधीमधी चिमूटभर. रोजचं सुकं टिमोथी किंवा ओटचं गवत. कडबा देऊ नका, फार जाड. लाकडात तुतीच्या वाळलेल्या काड्या चांगल्या.

तापीकाठचा · ६ मे

अपडेट. काल पहाटे २.४० ला लाइट गेली. दाराला चिकटवलेला कागद वाचायची वेळ आली आणि मला त्यातलं एक अक्षर आठवेना, म्हणून कागदच कामी आला. दार बंद, पडदा बंद, फ्रीजरमधून पाण्याच्या गोठवलेल्या दोन बाटल्या जाड फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेर जाळीला टेकवून, आणि फ्रिजमधली गार कडप्प्याची लादी पुसून कोरडी करून आत. दर दहा मिनिटांनी बॅटरीने यंत्र बघायचं.

लाइट जाताना २१ होतं. ४.२० ला २४. वरच्या जुन्या खोलीत मुद्दाम जाऊन बघितलं, तिथे ३३. दोघंही फुटक्या माठात न जाता लादीवर पोट पसरून पडले होते, अगदी चिकटून, कान नेहमीच्या रंगाचे. ४.३५ ला लाइट आली. आई तोवर उठून बसलेली, म्हणे माझ्या पापडांना कधी कोणी एवढं जपलं नाही.

इन्व्हर्टरवर एक टनी एसी चालायला काय लागेल याचा हिशोब गॅरेज भाऊ करतायत, आकडा आला की वेगळा धागा काढतो.

गॅरेज_भुसावळ · ६ मे

आकडा येतोय, तू आधी पाणी पी. आणि परातीच्या बेअरिंगचा आवाज येतो म्हणत होतास त्याला ग्रीस लावू नको, हे चाटतील. बेअरिंग काढून दोन्ही बाजूंनी सील असलेलं टाक, ६२०३ मिळेल कुठेही, ते आत ग्रीस भरूनच येतं आणि बाहेर येत नाही. वरून स्टीलची टोपी ठोक म्हणजे दातच पोचणार नाही.

तापीकाठचा · ७ मे

टाकलं. आवाज बंद. आता झोप लागेना, बंब धावतोय की नाही ते कळत नाही म्हणून दोनदा उठून बघून आलो.